चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले का?

वाटसरू

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. शाळेपासून मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार. दरवर्षी न चुकता नंबर तपासून घेतो. चष्मा लावून तक्त्यावरची खालची ओळ वाचता येते, कागदावर ६/६ लिहून मिळतं आणि विषय तिथेच संपतो. परवा ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "पडदा कधी तपासलाय का?" मी म्हटलं, डोळे तर दरवर्षी तपासतो. त्या म्हणाल्या, "नंबर तपासता. डोळे नाही."

आता मला सांगा, बारीकातलं बारीक अक्षर स्वच्छ दिसत असताना आत काही बिघडलेलं असू शकतं का? आणि असलं तर ते माझं मला कळणार नाही का? जाणकारांनी जरा उलगडून लिहा. अनुभव असतील तर तेही लिहा.

कोरीपाटी

नीट दिसतंय ना? मग झालं. काही त्रास नसताना दुखणी शोधत फिरू नये या मताचा मी आहे.

प्रकाशकिरण

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रकाशाच्या बाजूने लिहितो. औषधपाण्याचं जाणकार सांगतीलच.

आलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर नेमका एकवटायला बाहेरून किती मदत लागते, तो आकडा म्हणजे नंबर. डोळ्याची एकूण वक्रीकारक शक्ती, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो). त्यातला दोन तृतीयांश वाटा समोरच्या पारदर्शक पारपटलाचा. पुस्तकातली आकृती बघून सगळं काम आतलं भिंगच करतं असं वाटतं, पण भिंगाची कामगिरी वेगळी आहे: ते आकार बदलतं. जवळचं बघताना भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. थॉमस यंग यांनी यावर स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. डोळ्याला पाण्याने भरलेली छोटी नळी लावून त्यांनी पारपटलाची ताकद जवळपास नाहीशी केली, तरी जवळचं-लांबचं जुळवून घेता येतच राहिलं. म्हणजे ते काम भिंगाचंच. ही १८०१ सालची गोष्ट, आणि त्याच लेखात त्यांनी स्वतःच्या डोळ्यातल्या सिलिंड्रिकल दोषाचंही वर्णन केलं.

प्रौढ माणसाचा डोळा समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने वाढली की अंदाजे अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. वाटसरू, तुमच्या साडेचारमागे बहुधा दीड-पावणेदोन मिलिमीटरची जास्तीची लांबी आहे. प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते, चष्मा तिला मागे ढकलतो. चष्म्याचं काम एवढंच.

आता बघा, या सगळ्या हिशेबात पडदा स्वतः निरोगी आहे का, पडद्याकडून मेंदूकडे जाणारी नस ठीक आहे का, आतला दाब किती, हे कुठे आलं?

निशिगंध

म्हणजे कॅमेऱ्यासारखंच झालं. लेन्स स्वच्छ, फोकस बरोबर, पण आतला सेन्सर खराब. मग फोटोवर डाग दिसायला हवा ना? वाटसरूंचा प्रश्न तोच आहे.

सांजवात

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. निशिगंध, कॅमेऱ्याची तुलना सगळेच करतात, पण ती नेमकी इथेच दगा देते. सेन्सर खराब झाला तर फोटोवर डाग येतो. पडद्याचा एखादा भाग बंद पडला तर तिथे बहुतेक वेळा काळं काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. तिथे दृष्टिनस डोळ्यातून बाहेर पडते, त्यामुळे त्या जागी प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. एदम मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १६६० च्या दशकात दाखवलं. आता त्या ठिपक्यातून आडवी रेघ ओढा आणि पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते!

जन्मल्यापासून आपल्या दोन्ही डोळ्यांत ही रिकामी जागा आहे आणि रोजच्या जगण्यात ती कुणालाच जाणवत नाही.

रानपाखरू

केलं!!! घरातल्या सगळ्यांना कागद धरून बसवलंय. रेघेचं बघून तर मुलं ओरडलीच.

निशिगंध

मीही केलं. कॅमेऱ्याची तुलना मागे घेते.

प्रकाशकिरण

सांजवात, सुंदर. वर्गात अजून एक प्रयोग करून घेतो तो इथे देतो. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोवा आणि नजर तसूभरही न हलवता चार-पाच शब्द पलीकडचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. जमणार नाही. पडद्याच्या मधोमध जो छोटासा खळगा आहे, तिथेच शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि तिथेच बारीक तपशील कळतो. हात लांब करून अंगठा धरलात तर नखाएवढा भाग. सभोवतालचं सगळं आपल्याला स्वच्छ दिसतं असं वाटतं, कारण डोळा दर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारत असतो आणि मेंदू ते तुकडे सांधतो.

यावरून तक्त्याचंही लक्षात येईल. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो तक्ता तयार केला. सहा मीटरवरून वाचायच्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम नऊ मिलिमीटर उंच असतं. ते वाचताना पडद्याचा मधला कणभर भागच कामाला लागतो. बाकीच्या पडद्याची हजेरी त्या परीक्षेत घेतलीच जात नाही.

चांदणे

यावर माझा अनुभव लिहायलाच हवा.

आईला काचबिंदू आहे. निदान झालं त्या दिवशीही ती सुईत दोरा स्वतः ओवत होती, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत होती. फक्त हल्ली दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय अडखळायचा. ती म्हणायची, घाईत होतं. चष्मा बदलायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी भिंगातून नसेचं टोक बघितलं, त्यांना काही वेगळं वाटलं आणि त्यांनी दृष्टिक्षेत्राची चाचणी करायला सांगितली.

त्या चाचणीत हनुवटी टेकवून पांढऱ्या अर्धगोलात बघायचं असतं. एक डोळा झाकलेला. नजर मधल्या ठिपक्यावरून हलवायची नाही. कडेला कुठेकुठे बारीक दिवे क्षणभर लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. तंत्रज्ञांच्या स्क्रीनवर मला कळत होतं की दिवा लागला, पुन्हा लागला, तिसऱ्यांदा अजून ठळक लागला. आईचा अंगठा बटणावर तसाच. ती शांत बसून वाट बघत होती. संपल्यावर म्हणाली, "दिवे फार कमी होते गं."

वरच्या अर्ध्या भागातलं एका डोळ्याचं क्षेत्र बरंच गेलं होतं, दुसऱ्याचं कडेचं. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायला रोज रात्री थेंब घालते. तक्त्यावर आजही ६/९ वाचते.

वाटसरू

चांदणे, वाचून अंगावर काटा आला. आईंची तब्येत आता कशी आहे?

चांदणे

ठीक आहे. पुढच्या चाचण्यांत क्षेत्र होतं तेवढंच आहे, आणखी घटलं नाही. पायऱ्यांच्या कडांना तिने स्वतःच पिवळी पट्टी चिकटवून घेतली आहे.

कोरीपाटी

चांदणेताई, वाईट वाटलं. पण काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढणं ना? माझा दाब एकदा यंत्राने मोजला होता, १६ आला होता. मग मला काळजीचं कारण नाही असं धरायला हरकत नाही ना?

सांजवात

कोरीपाटी, १६ चांगला आहे. पण फक्त आकड्यावर निकाल देता येत नाही.

डोळ्यात पुढच्या बाजूला एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निघून जातो. मोरीची जाळी हळूहळू तुंबावी तसा निचरा कमी झाला की दाब वाढतो आणि मागे नसेच्या टोकावर ताण येतो. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सर्वसाधारण मानतात. मात्र दाब या मर्यादेत असूनही नस झिजणारे रुग्ण असतात आणि २५ असूनही नस ठणठणीत राहिलेले लोकही असतात. पारपटल जाड किंवा पातळ असेल तर मोजलेला आकडाही थोडा फसवतो. म्हणून नसेचं टोक प्रत्यक्ष बघणं महत्त्वाचं. तिच्यात १० लाखांहून जास्त तंतू असतात आणि त्यातले बरेच गेल्यावरच माणसाला काही जाणवतं. दोन डोळे एकमेकांची उणीव झाकतात, हेही उशिरा कळण्याचं मोठं कारण.

अवखळ

थोडं विषयांतर, माफ करा. मुलगी नऊ वर्षांची, नुकताच उणे दीड नंबर निघाला. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, सतत चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढतो, तेव्हा कमी नंबरचा द्या. काय करू?

गारवा

आमच्याकडेही हेच ऐकत मोठे झालो. डोळ्यांचे व्यायाम करून नंबर घालवता येतो म्हणतात. अवखळ, ते करून बघा.

प्रकाशकिरण

गारवा, मनापासून विरोध. डोळ्याची लांबी वाढलेली आहे. डोळे गोल फिरवून ती कमी कशी होईल?

सांजवात

अवखळ, विषयांतर अजिबात नाही. पूर्ण नंबरचा चष्मा द्या आणि लावू द्या. मुद्दाम कमी नंबर देऊन पाहिल्याचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. नंबर वाढतो कारण मूल वाढतंय आणि त्याबरोबर डोळाही लांब होतोय.

वेग कमी करायला काही गोष्टी खरोखर उपयोगी ठरल्या आहेत. मुलांनी दिवसाउजेडी घराबाहेर जास्त वेळ घालवला तर मुळात नंबर लागण्याचं प्रमाण घटतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवून बघितलं. तीन वर्षांनी त्या गटात सुमारे ३० टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली होती, बाकीच्यांत सुमारे ४० टक्के. घराबाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, त्याचा हा परिणाम असावा असं मानलं जातं. एकदा लागलेल्या नंबरसाठी अगदी सौम्य अॅट्रोपिनचे थेंब आणि खास बनावटीची भिंगं आहेत. त्यातलं काय घ्यायचं ते बालनेत्रतज्ज्ञांना विचारा.

एक गोष्ट मात्र नक्की बघा: दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले होते ना?

अवखळ

हो, वेगवेगळे. पण असं का विचारलंत?

सांजवात

कारण एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा ठीक, असं असलं तर मूल काहीच तक्रार करत नाही. त्याला तसंच दिसत आलेलं असतं. ठीक असलेल्या डोळ्यावर सगळं निभावतं आणि दुसऱ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू सोडून देऊ लागतो. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो, पण त्यात डोळ्याचा काही दोष नसतो, मेंदूतली जोडणीच पक्की होत नाही. पुढे कितीही अचूक चष्मा दिला तरी त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार झाले तर उत्तम सुधारणा होते. नंतरही काही मुलांत होते, पण कमी. घरी साधी खूण: लहान मुलाचा एकेक डोळा हाताने झाका. एक डोळा झाकल्यावर खुशाल खेळतंय आणि दुसरा झाकला की हात ढकलतंय, असं दिसलं तर थांबू नका.

रानपाखरू

हे माझ्या भाच्याचं. पाच वर्षांचा होता, पट्टी लावायला नको म्हणायचा. ताईने बाहुलीलाही पट्टी लावली, मग निमूट लावू लागला. आता दोन्ही डोळ्यांनी छान वाचतो.

धुके

मला उलटा प्रश्न आहे. पंचेचाळिशी आली. लांबचा उणे दोन आहे, आणि हल्ली चष्मा काढला की फोन वाचता येतो, लावला की नाही. म्हणजे नंबर कमी होतोय का?

प्रकाशकिरण

नाही हो, चाळिशी लागली! भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि फुगेनासं होतं. लहान मूल १२-१४ डायॉप्टरपर्यंत जुळवून घेऊ शकतं, साठीपर्यंत ही क्षमता एकाच्या आसपास उरते. उणे दोनवाल्याचा डोळा चष्म्याशिवाय मुळातच अर्ध्या मीटरवर जुळलेला असतो, म्हणून चष्मा काढल्यावर तुम्हाला वाचता येतं. लांबचा नंबर होता तिथेच आहे.

निशिगंध

नंबर कमी होण्यावरून आठवलं. माझ्या आजीला सत्तरीनंतर वाचायचा चष्मा लागेनासा झाला. घरभर आनंद. ती सगळ्यांना पोथी वाचून दाखवायची. लांबचं मात्र धुरकट झालं होतं, पण वाचता येतंय या आनंदात तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तपासल्यावर निघाला मोतीबिंदू. भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की डोळा उणे नंबराकडे झुकतो, म्हणून काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि ती खिडकीतून बघत म्हणाली, आभाळ इतकं निळं होतं?

सांजवात

निशिगंध, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पिवळसर झालेलं भिंग निळा प्रकाश अडवत असतं, म्हणून ते निळं आभाळ.

आणि वाटसरू, तुमच्या प्रश्नाला हा चांगला धागा मिळाला. नंबर *बदलणं* हीसुद्धा कधीकधी आजाराची खूण असते. रक्तातली साखर खूप वरखाली झाली की भिंगाचा नंबर काही दिवस-आठवडे हलतो. दर दोन महिन्यांनी चष्मा बदलावा लागतोय म्हणून आलेल्या माणसाला आम्ही आधी रक्ततपासणी करायला सांगतो. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा मधला भाग शाबूत असेपर्यंत नजर उत्तम असते. म्हणून टाइप २ मधुमेहाचं निदान झाल्याबरोबर पडदा बघायचा, त्रास व्हायची वाट बघायची नाही.

गारवा

मी तीन वर्षांपूर्वी लेसिक करून घेतलं. नंबर शून्य. आता मला या सगळ्यातून सुटका ना?

सांजवात

चष्म्यातून सुटका, हो. पण लेसरने फक्त पारपटलाचा बाक बदलला. डोळा होता तेवढाच लांब आहे आणि त्याच्यावर ताणलेला पडदाही तसाच पातळ आहे. उणे नंबरवाल्यांना पडदा फाटण्याचा आणि सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तो लेसिकनंतरही राहतो. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर पूर्वीचा नंबर आवर्जून सांगा.

धुके

डोळ्यासमोर धाग्यासारखं काहीतरी तरंगतं, पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की जास्त. तो फाटलेला पडदा का?

सांजवात

बहुतेकदा नाही. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पदार्थ असतो, वयाबरोबर तो पातळ होतो आणि त्यातल्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते. जुने, ओळखीचे एक-दोन धागे असतील तर घाबरू नका, पण एकदा दाखवून ठेवा. अचानक खूप सारे काळे ठिपके आले, अंधारात कडेला विजेसारखं चमकलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झाकलं जाऊ लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रात्र जाऊ देऊ नका. पडदा मध्यापर्यंत सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.

कोरीपाटी

सगळं वाचलं. बरंच पटलं. तरीही सरसकट सगळ्यांनी दरवर्षी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासावा, हे मला मान्य नाही. पंचविशीतल्या, नंबर नसलेल्या, निरोगी मुलाला त्याची काय गरज?

सांजवात

त्याला दरवर्षी गरज नाहीच, इथे आपलं एकमत आहे. चाळिशीच्या आसपास प्रत्येकाने एकदा संपूर्ण तपासणी करावी आणि पुढचं अंतर डॉक्टरांनी ठरवावं. मधुमेह, घरात काचबिंदू, मोठा उणे नंबर, डोळ्याला पूर्वी बसलेला मार किंवा बरेच दिवस स्टेरॉइड, यातलं काही असेल तर चाळिशीची वाट बघायची नाही. चांदणे, हे तुमच्यासाठी आणि तुमच्या भावंडांसाठीही.

चांदणे

हो, आम्ही सगळी भावंडं तपासून आलो. धाकट्याच्या नसेवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. फोनवर "नंबर काढायचाय का?" असं विचारलं, तेव्हा या धाग्यामुळे नीट सांगता आलं: दाब, नसेचं टोक आणि थेंब घालून पूर्ण पडदा. आता शेवटची शंका. थेंब घातल्यावर किती वेळ धूसर दिसतं? दुपारी ऑफिसला जाता येईल का?

सांजवात

बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि परिणाम काही तास टिकतो. उजेड टोचतो, तेव्हा गॉगल घेऊन जा. गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या. जुने चष्म्याचे कागद असतील तर तेही न्या. ऑफिसचं म्हणाल तर सुट्टीच टाका, स्क्रीन नीट दिसणार नाही.

प्रकाशकिरण

सुट्टी टाकाच. पण थेंबांमुळे जवळचं जुळवून घेणं थांबलं तरी तुम्ही उणे साडेचारवाले आहात, हे विसरू नका. रांगेत बसल्याबसल्या काही वाचावंसं वाटलं तर चष्मा काढा आणि फोन डोळ्यांपासून २२ सेंटिमीटरवर धरा. तेवढ्या अंतरावर तुमचा डोळा काहीही न करता जुळलेला असतो.